जाड हो!

लोणच्याच्या बरणीचं तोंड घट्ट बांधावं, हा संस्कार देवदत्तवर मुंजीच्याही आधी झालेला होता. चिपळूणला त्याच्या आईच्या, म्हणजे वासंतीबाईंच्या घरात लोणच्याची बरणी ही सोवळ्यातली वस्तू. ओला हात लागला, उष्टा चमचा बुडला किंवा दादरा सैल राहिला की बुरशी, आणि बुरशी आली की घरातल्या प्रत्येकाची उलटतपासणी. त्यामुळे डार्मश्टाटमधल्या इमारतीच्या तळघरात तो सायकल काढायला उतरला आणि धुण्याच्या खोलीतल्या फळीवर त्याला लालभडक कोबीनं भरलेल्या तीन थोरल्या काचेच्या बरण्या दिसल्या, झाकणं नुसती वर टेकवलेल्या, तेव्हा त्याच्या हातांनी त्याला न विचारताच काम उरकलं. तिन्ही झाकणं करकचून आवळली गेली. कुणाचं तरी वर्षाचं लोणचं वाचवल्याच्या समाधानात देवदत्त शीळ घालत विद्यापीठात गेला. तिथे तो धातूंना तडे का जातात यावर पीएच.डी. करत होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावरचे हेर, म्हणजे जर्मनमधले श्रीयुत, क्रेमर आपले धुतलेले शर्ट वाळत घालायला खाली उतरले. रेल्वेतून निवृत्त झालेला माणूस. वेळेवर न आलेली आणि जागेवर नसलेली कुठलीही गोष्ट त्यांना सहन होत नसे. एका बरणीचं झाकण घुमटासारखं फुगलंय आणि कडेनं लाल पाणी पाझरतंय, हे बघून त्यांनी शर्ट दोरीवर टाकले आणि काय प्रकार आहे ते पाहायला झाकण फिरवलं. त्यानंतर झालेला आवाज देवदत्तला चौथ्या मजल्यावर ऐकू आला. पाठोपाठ आलेला शब्द भाषेच्या वर्गात शिकवलेला नव्हता.

तो धावत खाली गेला. हेर क्रेमर यांचे सहाच्या सहा पांढरे शर्ट रंगपंचमी खेळून आल्यासारखे दोरीवर लटकत होते, स्वतः हेर क्रेमर यांच्या भुवईवर कोबीचं एक पान होतं, आणि लसणाचा असा दर्प सुटला होता की तो हातानं बाजूला सारून आत जावं लागत होतं.

तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या बाई सपाता फटफटवत आल्या. चणीनं लहानशा, पाठीनं ताठ, मानेपाशी कापलेले करडे केस. त्यांनी शर्टांकडे पाहिलं नाही, हेर क्रेमर यांच्याकडेही नाही. बरणीकडे पाहिलं.

"झाकण कोणी लावलं?"

"मी," देवदत्त म्हणाला.

"का?"

"आमच्याकडे लोणच्याला हवा लागू देत नाहीत."

"तुमचं लोणचं मेलेलं असतं," बाई म्हणाल्या. "हे जिवंत आहे. जिवंत गोष्टीच्या नाकातोंडावर झाकण लावतात का?"

तेलाच्या थराखाली सुखानं झोपलेल्या समस्त कोकणी आंब्यांच्या वतीनं काहीतरी बोलावं असं देवदत्तला वाटलं. पण दुसऱ्याच्या भुवईवर आपल्यामुळे कोबी असताना माणसानं गप्प बसावं हे बरं. शर्ट त्यानं धुतले, दोनदा. बाईंनी शिक्षा वेगळी दिली.

"शनिवारी वर ये. कोबी तू चिरणार."

बाईंचं नाव फ्राऊ ओ, म्हणजे श्रीमती ओ. ओ हे आडनाव, कोरियात असतं. पण मराठी माणसाला या नावाचा त्रास फार. जिन्यात कुणी "फ्राऊ ओ!" अशी हाक मारली की हाकही त्यातच आणि तिला दिलेली ओही त्यातच. बाईंनी पहिल्यांदा हात पुढे करून "ओ" म्हटलं, तेव्हा देवदत्त 'मी तर हाकच मारली नाही' अशा चेहऱ्यानं बराच वेळ उभा राहिला होता. त्याच्या नावाची त्यांनी केलेली वाटही काही कमी नव्हती. कोरियनमध्ये 'व' नाही, म्हणून तो झाला 'देबदात्ता'. चिपळूणचा मुलगा एका हाकेत कलकत्त्याला पोचायचा.

शनिवारी तो गेला. स्वयंपाकघरात जमिनीवर वर्तमानपत्रं पसरलेली, मिठात रात्रभर लोळून मऊ झालेले लांबुडके कोबी, आणि एका परातीत तिखट-लसूण-आल्याचा लाल गोळा. फ्राऊ ओ यांनी त्याला रबरी हातमोजे दिले. तसेच, जे त्यांनी आयुष्यभर इस्पितळात घातले होते. १९६७ साली त्या बाविसाव्या वर्षी इथे आल्या. तेव्हा जर्मनीला नर्स हव्या होत्या आणि कोरियाला खायला हवं होतं. नवरा इथेच भेटला, कोळशाच्या खाणीत आलेला त्यांच्याच देशाचा. तो बऱ्याच वर्षांपूर्वी गेला. मूलबाळ नाही.

"आल्झो, म्हणजे असं बघ, आम्ही आलो तेव्हा इथे हा कोबी मिळत नव्हता," पानापानात लाल मसाला भरत त्या म्हणाल्या. "मग जर्मनांचा आंबट कोबी आणायचा, तीनदा धुवायचा, आणि वर हंगेरीचं गोड तिखट टाकायचं."

"चव कशी लागायची?"

"रडू यायचं. पण आम्हाला रडायचंच असायचं, त्यामुळे चालून जायचं."

देवदत्त हसला. फ्राऊ ओ हसल्या नाहीत. त्या त्याच्या शर्टाच्या तिसऱ्या बटणाकडे बघत होत्या. नर्सची नजर ती. माणसाच्या चेहऱ्याकडे ती सगळ्यात शेवटी जाते.

"तू जर्मनीत आलास तेव्हा हे बटण लागत होतं?"

लागत होतं. देवदत्त आला तेव्हा शेवग्याच्या शेंगेसारखा होता. त्याला तीन वर्षं झाली. दुपारी विद्यापीठाच्या मेन्सात, म्हणजे खानावळीत, तळलेल्या बटाट्यांचा डोंगर, रात्री कोपऱ्यावरचा तुर्की डोनर, म्हणजे मांस भरलेला पाव, वरून जास्तीचा सॉस, आणि काम लांबलं की ओव्हनमध्ये सरकवायचा गोठलेला पिझ्झा. पोळ्या लाटायला वेळ नाही, ही सबब. लाटता येत नाहीत, हे कारण. शेंगेचा आता दुधीभोपळा झाला होता.

पण ही गोष्ट घरी कुणाला खटकत नव्हती. एका रविवारी फ्राऊ ओ वाडग्यातून किमची, म्हणजे तोच आंबवलेला लाल कोबी, घेऊन चौथ्या मजल्यावर आल्या, तेव्हा संगणकावर वासंतीबाई होत्या. चिपळूणच्या सायबर कॅफेतला वेबकॅम, त्यामुळे चित्र अर्धवट आणि आवाज दुप्पट.

"अरे देवदत्ता, गाल वर आलेत हो! नाहीतर गेलास तेव्हा नुसती हाडं. तब्येत सुधारली बघ. त्या मागच्या बाई कोण रे?"

"शेजारच्या, आई. कोरियाच्या."

"त्यांना नमस्कार सांग. म्हणावं, लक्ष असू दे. आणि अंग धरलंयस ते जपून ठेव, अभ्यासाच्या नादात उतरवू नकोस!"

"काय म्हणते आई?" फ्राऊ ओ यांनी विचारलं.

देवदत्तनं प्रामाणिकपणे जर्मनमध्ये भाषांतर केलं. "म्हणते, माझं आरोग्य सुधारलंय."

फ्राऊ ओ यांनी पडद्याकडे पाहिलं, त्याच्या पोटाकडे पाहिलं, आणि मग त्या इतक्या हसल्या की त्यांना खुर्चीवर बसावं लागलं. तिकडे वासंतीबाईही कारण न कळता हसू लागल्या. दोन बायका दोन खंडांतून आपल्या पोटावर हसताहेत, आणि मध्ये आपण दुभाषा, अशी देवदत्तची गत झाली.

"आमच्याकडेही असंच," डोळे पुसत त्या म्हणाल्या. "पोट सुटलं की म्हणायचे, मालकाचं पोट आलं. चांगली गोष्ट. पोट फक्त मालकाला असायचं ना. बाकीच्यांना पाठ आणि पोट एकच."

मग त्यांनी त्याला जवाच्या घाटाची गोष्ट सांगितली. त्यांच्या लहानपणी हिवाळा संपता संपता घरातला तांदूळ संपायचा आणि जव पिकायला अजून अवकाश असायचा. त्या मधल्या दिवसांना त्यांच्याकडे नावच होतं, जवाचा घाट. तो सगळ्यांनी मिळून चढायचा. डोंगरातला पाला उकडायचा, झाडाची साल कुटायची, आणि मग एकदाचा जव आला की जवाचा भात. काळपट, गिळगिळीत, पोटात फुगणारा. त्यांच्या धाकट्या भावाचं नाव योंगहो. फ्राऊ ओ निघाल्या तेव्हा तो आठ वर्षांचा होता, आणि विमानतळावर आई त्याला कडेवर घेऊन उभी होती.

"आठ वर्षांचा, कडेवर?" देवदत्तनं विचारलं.

"वजनच नव्हतं ना त्याला."

इथून त्या दुधाच्या पावडरीचे डबे पाठवत, चॉकलेट पाठवत. मुलगा वाढला. टॅक्सी चालवू लागला, लग्न केलं, मुलगी झाली. शेहेचाळीस वर्षांचा तो योंगहो आता जवळजवळ शंभर किलोंचा होता. सांगताना फ्राऊ ओ यांच्या आवाजात काळजी होती, आणि तिच्या तळाशी एक बारीकसा अभिमानही होता. देवदत्तला तो लगेच ओळखू आला. तोच आवाज त्यानं आत्ता चिपळूणहून ऐकला होता.

फेब्रुवारीत कोरियातल्या तेगू शहराहून भावजयीचा फोन आला. योंगहोची साखर फार वाढलीय, पायाच्या करंगळीला जखम झालीय, भरत नाही. डॉक्टर म्हणतात, खाणं बदललं नाही तर पाय कापावा लागेल.

फ्राऊ ओ यांनी त्याच आठवड्यात तिकीट काढलं. तीस वर्षं त्यांनी इस्पितळात असेच पाय धुतले, बांधले, वाचवले होते, सगळे जर्मन. आता घरचा पाय होता. घराची किल्ली त्यांनी देवदत्तला दिली. "झाडांना पाणी घाल. कदाचित मी येणारच नाही. तसं झालं तर कळवीन, मग घर सोडायचं बघू."

"कायमच्या?"

"त्याच्या ताटात काय पडतं ते बघायला कोणीतरी पाहिजे ना." त्या बॅगेत जव भरत होत्या. जर्मनीतून कोरियाला जव नेणाऱ्या त्या बहुधा पहिल्याच प्रवासी असाव्यात. "तिथे चांगला मिळतो की नाही कोण जाणे," त्या म्हणाल्या. अडतीस वर्षांपूर्वीचा देश डोक्यात ठेवून त्या निघाल्या होत्या, आणि हे त्यांच्या ध्यानात नव्हतं.

देवदत्तनं झाडांना पाणी घातलं. तळघरातल्या बरण्यांना त्यानं हात लावला नाही, लांबूनच नमस्कार केला. घर सोडायचं कळवणारा फोन एप्रिलमध्ये आला नाही, मे महिन्यातही नाही. जूनमध्ये एका दुपारी जिन्यात सपाता फटफटल्या.

"जेवायला ये," दारातून एवढंच म्हणून त्या खाली गेल्या.

ताटात साधा पांढरा भात, एक पालेभाजी, तळलेला मासा. फ्राऊ ओ बारीक झाल्या होत्या. देवदत्तला विचारायचं होतं; पण काही माणसांना प्रश्न विचारायचे नसतात, आधी ताट संपवायचं असतं. अर्ध्या भातावर त्या बोलू लागल्या.

"त्यांच्या घरी किमचीसाठी वेगळा फ्रिज आहे. खास किमचीचा. आता सगळ्यांकडे असतो. मी उघडला, तर आत कोकाकोलाच्या बाटल्या. किमची दुकानातून येते, एवढीशी, प्लास्टिकच्या पिशवीत. भावजय म्हणाली, खातो कोण?"

घराखालच्या रस्त्यावर एक इमारत होती. तळमजल्यावर बर्गर, त्यावर पिझ्झा, त्यावर पोरांची शिकवणी आणि सगळ्यात वर वजन कमी करून देणारा दवाखाना. माणूस खालून शिरला की खात खात वर जायचा आणि वरून पातळ होऊन उतरायचा, अशी सोय. भाचीची शिकवणी रात्री दहापर्यंत, मधल्या सुट्टीत ती उभ्या उभ्या पाकिटातल्या शेवया खायची, आणि घरी आली की वजनाच्या काट्यावर उभी राहून रडायची. सगळीकडे एक नवीन शब्द चिकटवलेला होता, 'वेलबीइंग'. वेलबीइंग बिस्कीट, वेलबीइंग साबण, वेलबीइंग तळलेली कोंबडी.

"कोंबडी वेलबीइंग कशी?" देवदत्तनं विचारलं.

"ऑलिव्हच्या तेलात तळली म्हणून. मरायचं तेही आरोग्यपूर्ण."

फ्राऊ ओ यांनी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. जवाचा भात, डोंगरातला पाला, मीठ कमी, गोड बंद. योंगहो मुकाट्यानं खायचा. "हो नूना, हो नूना," म्हणायचा. नूना म्हणजे ताई. रोज त्या त्याचा पाय धुवायच्या, औषध लावायच्या, पट्टी बांधायच्या. पण साखर काही उतरेना आणि जखम काही भरेना. जर्मन पायांना लागू पडलेलं सगळं घरच्या पायाला लागू पडत नव्हतं.

"मग एके दिवशी इस्पितळात जायला मी त्याच्या टॅक्सीत मागे बसले. पायाला काहीतरी लागलं. वाकून बघितलं, तर सीटखाली खोके. कोंबडीचे. एकावर एक, नीट रचलेले. व्यवस्थित आहे तो, गेनाऊ, अगदी आईसारखा."

"मग?"

"इस्पितळाच्या दारात त्याला ओढून उतरवला आणि हातावर चापट मारली. सगळ्यांसमोर. तू असा, तू तसा, हाडं दाखव, किती खाल्लीस ते सांग. शंभर किलोंचा माणूस मान खाली घालून उभा. डॉक्टर बघतायत, पेशंट बघतायत. 'चुकलो नूना.' एक म्हातारी म्हणाली, अहो, मारू नका, लहान आहे का तो?"

देवदत्तला हसू आलं, पण फ्राऊ ओ यांचा चमचा हवेतच थांबलेला पाहून त्यानं ते भातात दाबलं.

"त्या रात्री मी पुन्हा जवाचा भात वाढला. त्यानं वाडग्याकडे बघितलं. मग एकदम हळू आवाजात म्हणाला, 'नूना, हे आम्हाला खावं लागू नये म्हणूनच तू जर्मनीला गेली होतीस ना? मग इतक्या लांबून परत येऊन मला हेच का भरवतेस?'"

खालून हेर क्रेमर यांच्या रेडिओचा आवाज येत होता.

"प्रत्येक पत्राच्या शेवटी मी त्याला एकच गोष्ट लिहायचे," फ्राऊ ओ म्हणाल्या. "तुमच्याकडे मुलांना आशीर्वाद काय देतात?"

"मोठा हो. औक्षवंत हो."

"मी लिहायचे, जाड हो. दर पत्रात. जाड हो. बिचारं पोरगं झालं जाड. माझं एवढं एकच त्यानं आयुष्यात ऐकलं, आणि मी त्यासाठी त्याला चापट मारली."

भात निवला होता. त्यांनी तो उठून गरम केला, पुन्हा दोघांना वाढला, आणि मग एखाद्या पेशंटची केस सांगावी तसं बाकीचं सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी त्यांनीच योंगहोला म्हटलं, मला तुझ्या कोंबडीच्या दुकानात घेऊन चल. दोघं गेले. समोरासमोर बसले. त्यांनीही खाल्ली.

"कशी होती?"

"फार छान होती. तिथेच तर अडचण आहे."

तिथे तो पहिल्यांदा बोलला. बारा बारा तास गाडीत बसून रात्री घरी गेलं की सगळे झोपलेले असतात; त्या दुकानात कोणीतरी "या, बसा" म्हणतं. जवाच्या भाताशी त्याचं वैर नाही. पण तो समोर आला की तो पुन्हा आठ वर्षांचा होतो, आणि तेव्हाची भूक लागते. ती भूक मग वाडगाभर भातानं भागत नाही. फ्राऊ ओ यांनी ऐकून घेतलं. तीस वर्षं पेशंटांचं ऐकलं होतं. भावाचं ऐकायची पहिलीच वेळ होती.

त्यानंतर त्यांनी स्वयंपाकघर भावजयीला परत दिलं. पाय कसा धुवायचा, कसा कोरडा करायचा, बोटाला सुई टोचून साखर कशी बघायची हे योंगहोला स्वतःलाच करायला लावलं. त्या नुसत्या शेजारी बसून बघत. करंगळी काही वाचली नाही. ती काढावी लागली. पाय राहिला. जखम भरत आली तशी त्यांनी बॅग भरली.

"आता खाणं सुधारलं त्याचं?" देवदत्तनं विचारलं.

"काही दिवस सुधारतं, काही दिवस नाही. आठवड्यातून एकदा कोंबडी खातो. निदान टेबलावर बसून खातो, सीटखाली लपवून नाही."

"आणि साखर?"

"तो बघतो. फोनवर सांगतो. खोटं बोलत असेल तर ते त्याचं त्याला माहीत." त्यांनी माशाचा काटा बाजूला काढला. "तू पण मासा खा. तळलाय, पण खा. तुझ्या बटणाचं मी काही बोलणार नाही, घाबरू नकोस."

देवदत्तनं खाल्ला. पण त्याच्या मनाला काही चैन पडेना. निम्म्याच्या वर आयुष्य ज्याच्यासाठी इथे काढलं, तो भाऊ एक बोट गमावून तिथे बसलाय, मन सारखं कोंबडीकडे ओढतंय, आणि ह्या इथे डार्मश्टाटमध्ये शांतपणे काटे वेचताहेत. आई असती तर पोराच्या उशाशी ठाण मांडून बसली असती. वासंतीबाई तर उशाशीच काय, टॅक्सीत पुढच्या सीटवर बसल्या असत्या. शेवटी त्याला राहवलं नाही.

"पण फ्राऊ ओ, रागावू नका. त्याला असं एकट्याला सोडून यायला तुमचं मन झालं तरी कसं?"

फ्राऊ ओ यांनी त्याच्या ताटात भाताचा आणखी एक चमचा वाढला.

"जाड झालाय तो, लहान नाही झाला."